'जरा' म्हणजे नेमकं किती?

इंदुरात तुम्हाला कोणी "जरा बसा" म्हणालं, तर जेवूनच उठायचं असतं. "जरा सरका" म्हणालं, तर सरळ उठून दुसरी जागा शोधायची असते. "जरा ऐकता का" असं कानावर आलं, की समोरचा भांडायला आलाय असं समजायचं. आणि "जरा आवाज वाढवा" म्हणालं, तर काहीही करायचं नसतं. बटणापाशी हात न्यायचा, चेहरा गंभीर करायचा, हात परत आणायचा. समोरचा मान डोलावतो आणि म्हणतो, "हां, आता कसं छान झालं!"

ही शेवटची गोष्ट मी उभा जन्म करत आलो आणि तिच्यावर माझं घर चाललं. माझा धंदा माइकचा. दुकानाच्या पाटीवर 'ध्वनिव्यवस्था' असा भारदस्त शब्द आहे, पण त्या शब्दानं मल्हारगंजात कोणी मला ओळखत नाही. 'माइकवाले मुकुंदभिया' म्हणा, लहान पोरसुद्धा दुकानापर्यंत आणून सोडेल. आजोबा मिलमध्ये कारकून, वडील शाळेत मास्तर. दोन पिढ्या वरिष्ठांसमोर हळू बोलण्यात गेल्या. तिसरीनं त्याचा वचपा काढला.

लोकांना वाटतं, माइकवाल्याचं काम आवाज वाढवण्याचं. खरं काम तो न वाढवण्याचं. माइकसमोर उभा राहिलेला प्रत्येक माणूस स्वतःला कमी ऐकू येतो, आणि समोर बसलेल्या प्रत्येकाला तो जास्त ऐकू येत असतो. या दोघांच्या मधे आम्ही बसतो, शक्यतो दाराजवळ, म्हणजे प्रसंग आला तर निघता येतं. आमच्यापुढे एक पेटी असते. तिला मिक्सर म्हणतात, पण चटणी वाटायच्या मिक्सरशी तिचा संबंध नाही. प्रत्येक माइकची त्यात एक उभी खाच, खाचेत वर-खाली सरकणारं बटण, आणि खाचेच्या कडेला बारीक रेघा. बटण वर नेलं की आवाज मोठा. फारच वर नेलं, की भोंग्यातून बाहेर पडलेला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो, तिथून पुन्हा भोंग्यात येतो, आणि असा स्वतःभोवती फिरून फिरून शेवटी किंचाळतो. आम्ही त्याला 'शिट्टी' म्हणतो. तुम्ही काय म्हणता ते इथे छापता येणार नाही.

रेघांची ही भानगड गिऱ्हाइकाला कोण समजावणार? गिऱ्हाईक 'जरा' म्हणतं. म्हणून माझा भागीदार नंदू आणि मी आमच्यापुरतं एक माप ठरवलं होतं : दोन रेघांमधलं अंतर म्हणजे 'एक जरा'. "नंदू, तबला एक जरा ऊपर." "भिया, बाई का माइक दो जरा नीचे लो, चूड़ी बज री है." असं आमचं चाले.

नंदू मूळचा इंदुराजवळच्या राऊचा, माझ्याच वयाचा. घरात माळवी, बाहेर इंदोरी हिंदी. मराठी कार्यक्रमांत त्याची हयात गेली, पण मराठीशी त्याचं नातं शेजारच्या घरातून येणाऱ्या फोडणीच्या वासासारखं होतं. काय शिजतंय ते त्याला कळे, वाटणात काय आहे ते नाही. पुण्याहून आलेल्या एका गायिकाबाईंनी एकदा त्याला "अंमळ वाढवता का?" असं विचारलं. हा 'अम्ल' ऐकून पळत माझ्याकडे आला. "भिया, मैडम को पेट की तकलीफ है, कोई चूरन-वूरन रखा है क्या?"

लहान मापाचे शब्द मराठीत कमी नाहीत. किंचित, अंमळ, तिळभर, रतीभर, चिमूटभर, टीचभर, इवलंसं. पण यांतले बहुतेक कुठल्या तरी वस्तूला बांधलेले आहेत. तीळ दाखवता येतो, चिमूट दाखवता येते. 'जरा'ची गोष्ट वेगळी आहे. तो कशालाच बांधलेला नाही, त्यामुळे वाटेल तेवढा ताणता येतो आणि वाटेल तेवढा आखडता येतो. विनंतीत घातला तर आर्जव, हुकमात घातला तर धमकी. आमच्या धंद्यात तर तो बहुतेक वेळा शून्याचा प्रतिष्ठित उच्चार असे.

त्या शून्यासाठी मी पेटीवर एक खास बटण ठेवलं होतं. त्याला आत तारच जोडलेली नव्हती. नंदूनं त्याला लाल रंग दिला होता आणि नाव ठेवलं होतं 'अध्यक्ष का बटन'. भाषण करताना मधेच थांबून, हात वर करून "जरा वाढवा" म्हणणाऱ्या प्रत्येक अध्यक्षासाठी आम्ही ते सगळ्या सभेदेखत फिरवायचो. एक अध्यक्ष फार चोखंदळ होते. "थोडं जास्त झालं," म्हणाले. मी अर्धा वेढा उलटा फिरवला. "बस, बस. इथेच ठेवा. बाकीच्यांना जमत नाही हे."

एका शोकसभेत तर एका वक्त्यांनी सुरुवातीलाच माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "मुकुंदजी, शेवटच्या वाक्याला जरा इको द्या. परिणाम होतो." मी समजावून पाहिलं. ऐकेनात. नंदूनं इको दिला, आणि त्याच्या हिशेबानं जरासाच दिला. "भावपूर्ण श्रद्धांजली…ली…ली…ली" असा तो आवाज भिंतीवर आपटून परत येऊ लागला, तेव्हा दिवंगतांच्या पत्नीनंच तोंडाला पदर लावला. रडू आवरायला लावला असेल असं सगळ्यांना वाटलं. मी अगदी जवळ होतो, मला खांदे दिसत होते. नंतर त्या मला म्हणाल्या, "ते असते तर फार हसले असते हो."

हे सगळं आता कमी झालं. नवी पोरं टॅब्लेट घेऊन हॉलभर फिरतात, आकड्यांत बोलतात, आणि लग्नाच्या वरातीतला माणूस तर 'जरा' म्हणतच नाही, तो 'फुल' म्हणतो. मला कोणी हल्ली 'जरा' म्हटलं की जुना वर्गमित्र भेटल्यासारखं वाटतं. पण या शब्दाची खरी कमाल मी ज्या दिवशी पाहिली, त्या दिवसाबद्दल लिहायचं म्हणून तर हा कागद घेतला.

छत्रीबागेत विजयाताई राहतात. शाळेत मराठी शिकवायच्या, आणि आमच्या इकडच्या एका मराठी मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमाचं निवेदन म्हणजे विजयाताई, हे इतकं ठरलेलं होतं की पत्रिकेत त्यांचं नाव छापायला लोक विसरायचे. भावगीतांचा कार्यक्रम. गाणारे बदलत, तबला बदले, पडदा बदलला, ताई बदलल्या नाहीत. दोन गाण्यांच्या मधे त्या जे बोलत, त्यासाठी काही लोक गाणी सहन करत.

मग त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, बोला, पण जोर नको. आवाज राहिला, पण वरचा सगळा भाग कोणीतरी कापून नेल्यासारखा. जवळ बसलं की गोड, दारातून ऐकलं की नुसतं पुटपुटणं.

मंडळाचे कार्यवाह दिवेकर त्यांना भेटायला गेले. दिवेकर वाईट माणूस नाही. त्यांना कार्यक्रम वेळेवर सुरू व्हावा आणि वेळेवर संपावा एवढंच वाटतं, मधे काय होतं याबद्दल त्यांचं फारसं मत नसतं. त्यांनी तोडगा काढला होता. ताईंच्या जुन्या निवेदनांची रेकॉर्डिंगं होती, ती त्यांनी पेन ड्राइव्हवर घेतली होती. "ताई, तुम्ही फक्त मंचावर बसायचं. शाल घेऊन. आवाज तुमचाच लागेल. तुम्हाला त्रास नको."

ताईंनी मला फोन करून बोलावलं तेव्हा त्या संतापल्या होत्या. इतक्या बारीक आवाजात संतापलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. मला खुर्ची ओढून अगदी जवळ बसावं लागलं.

"मुकुंदा, हे लोक माझा स्मृतिदिन करतायत. आणि मला त्याला बोलावतायत!"

"दिवेकरांना काय म्हणालात?"

"म्हटलं, मी बोलणार. ते म्हणाले, एकदा बघू. एकदा जमलं नाही, तर पुढच्या वर्षीपासून पेन ड्राइव्ह." त्यांनी थर्मासमधलं कोमट पाणी घेतलं. "जमेल का रे? खरं सांग. मास्तरांचा मुलगा आहेस, खोटं बोलू नकोस."

मी खरं सांगितलं. सुरुवातीपासून माइक चढवून ठेवला, तर श्वाससुद्धा वादळासारखा ऐकू येईल आणि शिट्टी बसेल. अगदी बेताबेतानं वाढवावं लागेल, लोकांना कळणार नाही असं. पण कधी वाढवायचं ते मला मागे बसून कसं कळणार?

"मला कळतं ना," ताई म्हणाल्या. "आवाज उतरायला लागला की घशाला आधी कळतं. मी खूण करीन."

"हाताची खूण लोकांना दिसेल."

"मग शब्दाची करीन. असा शब्द, की जो मी कुठेही घालू शकते आणि कोणाला खटकणार नाही." त्यांनी शाळेतल्यासारखं बोट वर केलं. "जरा! 'जरा आठवून बघा', 'जरा मागे जाऊ या', 'जरा थांबू या'. मी 'जरा' म्हटलं की तू जरा वाढवायचंस."

इतकी सुंदर योजना आमच्या धंद्यात कोणी आखली नसेल. मी येताना रस्ताभर खूश होतो.

कार्यक्रमाच्या दिवशी पत्रिकेत सुरुवातीला एक भाषण होतं. वक्ते पुण्याचे, भाषेचे डॉक्टर. विषय, 'मराठी भाषेचे वैभव'. डॉक्टर म्हटल्यामुळे चहाच्या वेळी आमच्या लोकांनी त्यांना गुडघ्यांबद्दल बरंच विचारून घेतलं होतं, आणि त्यांनीही थोडीफार उत्तरं दिली होती. त्यांच्यानंतर लगेच ताईंचं निवेदन आणि गाणी.

भाषण सुरू होता होता विंगेतून निरोप आला, ताईंच्या माइकची वायर गुणगुणतेय. मी निघालो. जाताना नंदूला सांगितलं, "मेरे आने में देर हो गई तो ध्यान रखना. स्टेज से 'जरा' सुनाई दे, तो एक जरा बढ़ा देना. हर बार. चुपचाप."

"हर बार?"

"हर बार. भूलना मत, ताई की इज़्ज़त का सवाल है."

ताईंचं नाव घेतल्यावर नंदू प्राण देईल. त्यांनी त्याच्या मुलीला बोर्डाच्या परीक्षेआधी फुकट शिकवलं होतं.

मी विंगेत जाऊन वायर उघडून बसलो. ताई खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर कागद, शेजारी थर्मास. पलीकडे डॉक्टरसाहेबांचं भाषण सुरू झालं. भोंग्यांच्या मागे बसलं की आवाज नुसता दबका, घुमल्यासारखा येतो, त्यामुळे समोर काय होतंय ते आम्हाला कळत नव्हतं. पुढचं थोडं मी स्वतः ऐकलं, बाकीचं त्या दिवशी समोर बसलेल्या लोकांनी मला सांगितलं. अजूनही सांगतात, मी विचारलं नाही तरी.

डॉक्टर म्हणाले, "वैभव मोठ्या शब्दांत नसतं. म्हणून आज मी एका लहान शब्दावर बोलणार आहे. इतका लहान, की त्याचा अर्थही लहान. तो शब्द म्हणजे जरा."

नंदूनं एक रेघ चढवली.

"कुठून आला हा जरा?" एक रेघ. "अरबीत शब्द आहे ज़र्रा. ज़र्रा म्हणजे कण. खिडकीतून उन्हाची तिरीप येते, तिच्यात धुळीचे कण तरंगताना दिसतात, तो ज़र्रा. फारसीतून तो आपल्याकडे आला. वाटेत त्याचं जोडाक्षर गळून पडलं, आणि उरला जरा."

सांगायला हवं, माहिती अगदी बरोबर होती. मी नंतर कोश उघडून पाहिली. इतका देखणा उगम इतक्या हलक्या शब्दाचा असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. ज्या शब्दानं मी आयुष्यभर अध्यक्षांना फसवलं, तो उन्हातला धुळीचा कण निघाला.

पण नंदूला त्या सौंदर्याशी कर्तव्य नव्हतं. तो डोळे मिटून, अंगठा बटणावर ठेवून, मराठीच्या त्या प्रवाहात एकाच शब्दावर गळ टाकून बसला होता. आणि मासे तर उड्या मारत येत होते. "जरा बसा, जरा सरका, जरा ऐका. या तिन्हींतला जरा एकच आहे का?" तीन उदाहरणं आणि एक प्रश्न, चार रेघा.

पुढच्या रांगेतले लोक खुर्च्या मागे घेऊ लागले. मागच्यांना वाटलं, पुण्याकडच्या लोकांचा आवाजच मोठा असतो. डॉक्टरांनी कागद उलटला, तर पत्रा ओढल्यासारखा आवाज झाला. त्यांनी पाण्याचा घोट घेतला, तो सगळ्या हॉलनं ऐकला. आपलं बोलणं असं दुमदुमतंय म्हटल्यावर त्यांनाही जोर चढला.

"आता संस्कृतातली जरा! ती निराळी. आपल्या शब्दात जमिनीतला 'ज' आहे, तिच्यात जगातला. ती जरा म्हणजे म्हातारपण!"

आमच्या इकडे हिंदीत बोलणारा माणूस दोन्ही 'ज' एकाच भावात घेतो. नंदूनं म्हातारपणालाही आवाज दिला.

"जराजर्जर! जरासंध! इतकंच काय, 'ग-जरा', 'न-जरा-णा', यांत जो जरा ऐकू येतो, तो नुसता भास आहे!"

नंदूनं भासही सोडले नाहीत.

विंगेत ताई कौतुकानं म्हणाल्या, "मुकुंदा, काय खणखणीत आवाज आहे रे यांचा! या वयात!" मी म्हटलं, "पुण्याचं पाणी." तेवढ्यात शेजारच्या पडद्याची कड थरथरायला लागली. मग थर्मासचं झाकण. ताई त्या झाकणाकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "अरे, हे गृहस्थ मघापासून सारखं 'जरा, जरा' काय म्हणतायत?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"नंदूला काय सांगून आलायस तू?"

"स्टेजवरून 'जरा' ऐकू आलं की वाढव म्हणून."

"कोणाचं?"

मी उघड्या वायरीकडे पाहिलं. ताईंनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. घशाच्या डॉक्टरांनी त्यांना जोरात हसायचीही बंदी केली होती. मी बाहेर धावलो. हॉलच्या आतून जायला वाट नव्हती, म्हणून बाहेरच्या बोळातून, चपलांचा ढीग तुडवत, चहावाल्याच्या स्टोव्हला वळसा घालून.

मी पोचायच्या आत दिवेकरांनी शेवटचा घाव घातला. कान दाबून बसलेल्या लोकांनी त्यांना उठवून पुढे पाठवलं होतं. मागे ओरडून ऐकू जाणार नाही म्हणून ते मंचावर चढले, डॉक्टरांची क्षमा मागितली आणि थेट माइकमध्ये तोंड घालून म्हणाले, "अहो, आवाज जरा कमी करा!"

नंदूनं फक्त एकच शब्द ऐकला.

त्यानंतर जी शिट्टी झाली, तशी मी नंतर कधी ऐकली नाही. छतातली कबुतरं खिडकीतून बाहेर गेली. मघापासून रडणारं एक तान्हं मूल आश्चर्यानं गप्प झालं. मी धापा टाकत दाराशी आलो तेव्हा नंदू घामाघूम होऊन, अंगठा खाचेच्या अगदी वरच्या टोकाला दाबून, कर्तव्यबुद्धीनं बसला होता.

"भिया," तो म्हणाला, "अब जगह नी बची. ये और बोलेंगे क्या?"

मी बटण खाली ओढलं. शांतता झाली, नुसते कान वाजत होते. दिवेकर मंचावरून उतरून तडक आमच्याकडे आले.

"ये क्या लगा रखा है तुम लोगों ने?"

"साब, वो 'जरा' बोल रिये थे, मैं जरा बढ़ा रिया था," नंदू म्हणाला. "फिर आप बी बोले."

मागच्या रांगेनं हे ऐकलं. तिथून हसू निघालं आणि एकेक रांग घेत पुढे सरकू लागलं, कारण प्रत्येक रांग पुढच्या रांगेला वाकून सांगत होती. ते मंचाशी पोचलं तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी उठून डॉक्टरांच्या कानात सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग ते माइकशिवाय, आपल्या खऱ्या आवाजात म्हणाले, "शब्दाच्या सामर्थ्याबद्दल मी गावोगाव बोलतो. अनुभव आज आला." आणि स्वतःच खुर्चीत बसून हसायला लागले. टाळ्या त्यांनाच पडल्या. माणूस मोठा होता, हे मला तेव्हा समजलं. भाषणात तसं कळलं नसतं.

दिवेकर हसले नाहीत. "पण ऐसा करने को बोला किसने?"

नंदूनं माझ्याकडे पाहिलं. खरं उत्तर दिलं असतं, तर ताईंना माइकवाल्याच्या कुबड्या लागतात हे सगळ्या गावात पसरलं असतं.

"टेस्टिंग चाललं होतं," मी म्हणालो. दवाखान्यात जसं 'व्हायरल', तसं आमच्या धंद्यात 'टेस्टिंग'. त्याच्यापुढे प्रश्न विचारत नाहीत.

"टेस्टिंग पुरे. आता एकही माइक उघडायचा नाही." दिवेकरांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढून माझ्यापुढे धरला. "ताईंचं रेकॉर्डिंग लावा. त्याला शिट्टी बसत नाही ना?"

नाही बसत. तो माणूस तांत्रिकदृष्ट्या बरोबर होता, हीच तर पंचाईत होती. रेकॉर्डिंग लावलं की सगळं सुरळीत होणार होतं, आणि ताईंचा विषय कायमचा मिटणार होता.

मी पेन ड्राइव्ह घ्यावा की न घ्यावा असा हात अर्धवट पुढे केलेला असताना मंचावर ताई आल्या. कोणी बोलावलं नव्हतं. शाल नव्हती. त्यांच्या माइकची वायर विंगेत उघडीच पडली होती, म्हणून त्या डॉक्टरांच्याच माइकपाशी उभ्या राहिल्या आणि बोलू लागल्या. माइक बंद. पहिली रांग पुढे झुकली. दुसरी पहिलीवर झुकली. मागे नुसते हलणारे ओठ दिसत होते. त्या थांबल्या नाहीत, आवाजही चढवला नाही. चढवता येतच नव्हता. पण मानही खाली घातली नाही. मला वाटलं, आता त्या अशाच, कोणाला ऐकू येवो न येवो, सगळं निवेदन पुरं करतील, आणि ते बघणं मला जमणार नाही.

तेवढ्यात मधल्या रांगेतून एक आजीबाई खणखणीत आवाजात ओरडल्या, "अहो माइकवाले, झोपलात का? ताईंचा आवाज जरा वाढवा की!"

सगळा हॉल फुटला. लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारू लागले. दिवेकरांनी ओठ आवळून धरले होते, तेही सुटले आणि ते खांबाला धरून हसू लागले, पेन ड्राइव्हचा हात पोटावर. त्या हशात मी ताईंपुढचा माइक उघडला आणि तीन रेघा वर नेला. कोणालाही कळलं नाही.

हसू ओसरलं आणि ताईंचा तो बारीक, गोड आवाज शेवटच्या रांगेपर्यंत आला.

"मंडळी, कार्यक्रमाला जरा उशीर झालाय…"

हशा. एक रेघ.

त्यांच्या लक्षात आलं. मंचावर त्यांचा चेहरा उजळलेला मला मागूनही दिसला. त्यानंतर त्यांनी त्या शब्दाशी जो खेळ केला, तो मी विसरणार नाही. घसा दमला की 'जरा' म्हणत, लोक हसत, आणि हशाच्या आडून मी बटण सरकवी. कधी शब्दाच्या अगदी जवळ येत, "मी तुम्हाला एक… थोडीशी… आठवण सांगते," असं म्हणून हुलकावणी देत, तर त्यालाही हशा. लिहून आणलेले कागद त्यांनी केव्हाच बाजूला ठेवले होते. गाणारे आपली पाळी विसरून विंगेतून ऐकत उभे होते.

आणि एक विचित्र गोष्ट झाली. उत्तरार्धात ताई 'जरा' म्हणाल्या, आणि मी बटणाला हात लावला नाही.

नंदू कुजबुजला, "भिया, बोल दिया उन्ने. बढ़ाओ."

"नी बढ़ाना."

"क्यों?"

"सुनाई नी दे रिया क्या?"

नंदूनं कान दिला. "दे तो रिया है," तो चकित होऊन म्हणाला.

आवाज वाढला नव्हता. लोक त्या शब्दाची वाट बघत होते, आणि तो कुठून येईल सांगता येत नसल्यामुळे त्याच्या आधीचा आणि नंतरचा प्रत्येक शब्द ऐकत होते. कोणी खोकत नव्हतं, कोणाची खुर्ची करकरत नव्हती, कोणी शेजारणीला साडीबद्दल विचारत नव्हतं. एवढी शांतता असेल तर आमच्या धंद्याची गरजच नाही. मी इतकी वर्षं भोंगे वाहून नेले, आणि आवाज मोठा करायचा खरा उपाय हा होता. तो इतक्या उशिरा कळला, हे धंद्याच्या दृष्टीनं बरंच झालं.

कार्यक्रम संपला. व्हरांड्यात ताईंना लोकांनी घेरलं होतं. पुण्याचे डॉक्टरही येऊन "भाषण तुमचं झालं, मी नुसतं उदाहरण होतो," असं म्हणून गेले. गर्दी पांगली, तशी ताई कठड्याला धरून तुडवलेल्या ढिगातून आपली चप्पल शोधू लागल्या. दिवेकर जवळ आले. घसा खाकरला. उगाच घड्याळात पाहिलं.

"ताई, पुढच्या वर्षीचं निवेदन…"

ताईंनी वर पाहिलं नाही. "त्याचं काय?"

"तुम्हीच कराल ना?"

एक चप्पल सापडली. त्यांनी ती पायात घातली. "जरा विचार करावा लागेल, दिवेकर."

दिवेकरांचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी आकाशाकडे. नंदू दुसरी चप्पल हातात घेऊन आला आणि ताईंच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी पाय आत सरकवला, पदर सारखा केला, आणि पहिली पायरी उतरता उतरता म्हणाल्या,

"झाला. तारीख कळवा."